घाण सगळ्यांच्याच दातांवर, मग दात काहींचेच का गेले? श्रीलंकेच्या चहामळ्यातले ४८० कामगार

१९७० साली श्रीलंकेत, त्या वेळच्या सिलोनमध्ये, कँडीच्या डोंगराळ भागातल्या दोन चहामळ्यांवर ४८० पुरुष कामगारांची तोंडे तपासण्यात आली. चौदा वर्षांच्या पोरांपासून साधारण तिशीपर्यंतचे हे लोक. भारतातून, मुख्यतः तमिळ मुलखातून, इंग्रजांच्या काळात मळ्यांवर नेलेल्या मजुरांचे वंशज. तब्येतीने धडधाकट, खाणेपिणे तिथल्या मानाने बरे. दात घासण्याची रूढ पद्धत मात्र त्यांच्यात नव्हती आणि दाताचा डॉक्टर त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. दातांवर प्लाकचे, म्हणजे जंतूंच्या चिकट साक्याचे, थर, त्याचे कडक झालेले कीटण, डाग. हिरडी तर जवळजवळ प्रत्येक दाताभोवती सुजलेली. दात किडण्याचे प्रमाण मात्र नगण्य.

पुढची पंधरा वर्षे याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासले गेले: १९७१, १९७३, १९७७, १९८२ आणि १९८५. पहिल्या तपासणीतल्यांपैकी १६१ जण शेवटपर्यंत राहिले. हिरड्यांचा आजार कुणाला जबर होतो आणि कुणाला होत नाही, या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत जे काही शिकवले गेले त्यात या मळ्यांचा उल्लेख टाळता येत नाही. आणि आनुवंशिकतेविषयी बोलायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी असे मला वाटते, जरी या अभ्यासात एकही जनुक तपासले गेले नव्हते.

अभ्यासामागे होते नॉर्वेचे दंतवैद्यक संशोधक हाराल्ड लोए. १९६५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग केला होता. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला लागल्यावर आठवडाभरात सूज गेली. एकही अपवाद नाही. हिरडीची सूज प्लाकमुळे येते, हे त्या दिवसापासून वादातीत झाले. मग पुढची पायरी ओघाने आलीच: सूज तशीच वर्षानुवर्षे राहू दिली तर खालचे हाड झिजणार, दात हलणार, पडणार. सगळ्यांना ते पटले होते. पण तसे होते का, हे आयुष्यभर पाहिलेले कुणीच नव्हते. ते पाहण्यासाठी लोएंनी दोन गट निवडले. एक ऑस्लोमधला, १९६९ साली सुरू झालेला, ५६५ विद्यार्थी आणि प्राध्यापक मंडळींचा. लहानपणापासून शाळेत दात तपासून घेतलेले, रोज दात घासणारे लोक. दुसरा हा चहामळ्यांचा.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. ज्यांना उपचार मिळत नाहीत अशा माणसांचे दात पडताना पंधरा वर्षे मोजत राहायचे, असा अभ्यास आज कुठलीही नीती-समिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये. त्या मळ्यांवरची माणसे गरीब होती, नागरिकत्वाच्या वादात अडकलेली होती. १९६४ च्या सिरिमावो-शास्त्री करारानंतर त्यांतली लाखो माणसे भारतात परत पाठवली जात होती. आपण आज जे ज्ञान वापरतो ते त्यांच्या तोंडातून आलेले आहे, हे आकडे वाचताना विसरू नये.

काय मोजले

मोजण्याचे साधन अगदी साधे असते. प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती हलक्या हाताने सरकवायची. दाब साधारण २५ ग्रॅम वजनाइतका. हा अंदाज हाताला यावा म्हणून विद्यार्थ्यांना वजनकाट्यावर प्रोब टेकवून सराव करायला लावतात. सळई जिथे अडते तिथे थांबायचे. दाताचा वरचा पांढरा भाग संपून मूळ सुरू होते ती रेषा शोधायची आणि तिथून अडलेल्या जागेपर्यंतचे अंतर वाचायचे. दाताने हाड-हिरडीवरची आपली पकड किती गमावली, ते या अंतरावरून कळते. निरोगी तोंडात ते शून्याच्या आसपास असते. खालच्या पुढच्या दाताचे मूळ सारे मिळून १२-१३ मिलिमीटरचे. तेव्हा चार मिलिमीटर म्हणजे एक तृतीयांश आधार गेला आणि नऊ म्हणजे दात जिभेने हलवता येईल अशी अवस्था.

पंधरा वर्षे ही मोजणी त्याच दोन तज्ज्ञांनी केली आणि आपला हात बदललेला नाही ना, याची अधूनमधून खातरजमा करून घेतली. एक मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तर निष्कर्ष उलटू शकतो, अशा कामात हे फार मोलाचे.

सरासरीने लपवलेले

१९७८ साली पहिले मोठे निष्कर्ष आले. ऑस्लोची मंडळी चाळिशीकडे आली तेव्हा त्यांनी सरासरी दीड मिलिमीटरच्या थोडी वर पकड गमावली होती. चहामळ्यातल्या लोकांनी त्याच वयात साडेचार. दोन दातांमधल्या जागी वर्षाला होणारी झीज ऑस्लोत ०.०८ मिलिमीटर, मळ्यांवर ०.३०. अपेक्षेप्रमाणेच. दात घासा, डॉक्टरकडे जा, हाड वाचेल.

खरी गोष्ट १९८६ च्या लेखात आली. मळ्यांवरच्या लोकांची सरासरी न काढता संशोधकांनी माणसे वेगळी करून पाहिली, तेव्हा त्यांचे तीन गट पडले. साधारण ८ टक्के लोकांची झीज भरधाव. ८१ टक्क्यांची मध्यम. आणि ११ टक्के लोक असे, की हिरडी सुजली होती पण त्यापुढे आजार सरकलाच नव्हता.

वयाच्या ३५ व्या वर्षी पहिल्या गटाने सरासरी ९ मिलिमीटर पकड गमावली होती, मधल्या गटाने ४ आणि तिसऱ्याने एक मिलिमीटरपेक्षा कमी. ४५ व्या वर्षी पहिला गट १३ वर, मधला ७ वर. किडलेले दात जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे पडलेला प्रत्येक दात हिरडीच्या आजाराने पडला असे धरता आले. पहिल्या गटात विसाव्या वर्षीच दात जायला लागले. पस्तिशीत बारा गेले, चाळिशीत वीस, आणि पंचेचाळिशीत तोंडात एकही दात उरला नाही. मधल्या गटात गळती तिशीनंतर सुरू झाली. पंचेचाळिसाव्या वर्षी सात दात कमी. तिसऱ्या गटात जवळपास कुणाचेच दात गेले नाहीत.

मळा तोच, काम तेच, जेवण तसेच. दातांवरचे कीटण तितकेच, हिरडीची सूज तितकीच. लोएंच्या १९६५ च्या प्रयोगात बाराच्या बारा जण सारखे वागले होते. इथे सुजेपर्यंत सगळे सारखेच आले आणि त्यापुढे प्रत्येकाची वाट वेगळी झाली.

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म हे आहे: हिरडी सुजणे हे घाणीवर ठरते, हाड जाणे हे त्या घाणीला कुणाचे शरीर कसे उत्तर देते यावर. आणि हे मळ्यांवरच दिसू शकले, कारण तिथे स्वच्छतेत फरकच नव्हता. ऑस्लोत, किंवा आज पुण्या-मुंबईत, कुणी दोन वेळा दात घासतो, कुणी एकदा, कुणी सहा महिन्यांनी स्केलिंग करून घेतो, कुणी दहा वर्षांत दवाखान्याचे तोंड पाहिलेले नसते. या सगळ्या फरकांच्या गर्दीत शरीराचा मूळचा फरक झाकून जातो. मळ्यावर ती गर्दी नव्हती.

म्हणून जनुके? इतक्यात नाही

कीटण सारखे, परिणाम वेगळा, म्हणजे जनुके वेगळी, अशी उडी घ्यायचा मोह होतो आणि अनेक जण ती घेतात. मध्ये दोन संशयित उभे आहेत, त्यांना आधी विचारायला हवे.

पहिला संशयित म्हणजे जंतू. प्लाक डोळ्यांना सारखा दिसला तरी त्यातले जंतू सारखे असतील असे नाही. मोरोक्कोतल्या राबातमध्ये शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला निरोगी हिरड्या असलेल्या ४२८ मुलांना दोन वर्षांनी पुन्हा तपासले. अॅग्रिगॅटिबॅक्टर नावाच्या जंतूचा जेपी२ हा विशिष्ट वाण ज्यांच्या तोंडात होता त्यांना हाडाची झीज सुरू होण्याचा धोका तो नसलेल्यांपेक्षा अठरापट निघाला. त्याच जंतूचे बाकीचे वाण असतील तर तिप्पट. जेपी२ च्या जनुकसंचातला एक छोटा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे तो पांढऱ्या पेशी मारणारे विष भरमसाट बनवतो. म्हणजे जनुकीय फरकच, पण जंतूच्या जनुकांतला. हा जंतू आईवडिलांकडून मुलांना लाळेतून लागू शकतो. ‘आमच्या घराण्यातच दात लवकर पडतात’ हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येते, आणि ते खरेही असते; पण घराण्यात चालत आलेली गोष्ट रक्तातूनच आली असेल असे नाही.

दुसरा संशयित सवयी, मुख्यतः तंबाखू. त्याकडे पुढे वळूच.

या दोघांना बाजूला सारून शरीराच्या वारशाचा हिस्सा मोजायचा तर जुळी भावंडे लागतात. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळपास शंभर टक्के एक, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांची साधारण निम्मी सामाईक. घर दोघांचेही एकच. एकसारखी जुळी एकमेकांशी जास्त जुळत असतील तर तो जास्तीचा भाग जनुकांचा. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९९१ साली ११० जोड्या तपासल्या, त्यांत वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्याही काही जोड्या होत्या. हिरडीच्या वेगवेगळ्या मापांतल्या फरकाचा ३८ ते ८२ टक्के भाग जनुकांकडे जातो असे निघाले. त्याच संशोधकांनी २००० साली ११७ जोड्यांवर अधिक काटेकोर काम केले. प्रौढांच्या पेरिओडॉन्टायटिसमध्ये, म्हणजे हाड झिजवणाऱ्या आजारात, निम्मा फरक आनुवंशिक निघाला. धूम्रपान आणि स्वच्छता हिशेबात धरूनही तो आकडा फारसा हलला नाही. साध्या हिरडीच्या सुजेत मात्र, सवयी हिशेबात धरल्यावर, आनुवंशिकतेचा पुरावाच उरला नाही.

चहामळ्यांशी हे किती नेमके जुळते ते पाहा. सूज सगळ्यांना सारखी, हाडाची झीज ज्याची त्याची. दोन वेगळ्या देशांतून, दोन वेगळ्या पद्धतींनी एकच रेषा आखली गेली.

‘निम्मा आनुवंशिक’ याचा अर्थ तुमचा निम्मा आजार वडिलांकडून आला असा होत नाही. त्या समूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा निम्मा हिस्सा जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, इतकाच त्याचा अर्थ. समूह बदलला की आकडा बदलतो. सगळेच अस्वच्छ असतील तर स्वच्छतेमुळे पडणारा फरक शून्याकडे जातो आणि जनुकांचा हिस्सा मोठा दिसतो.

शरीरात नेमके कुठे बिघडते

एकाच जनुकातला बिघाड संपूर्ण तोंड उद्ध्वस्त करतो असे काही दुर्मीळ आजार आहेत. ते फार थोड्या घरांत असतात, पण सर्वसामान्य आजाराचे यंत्र समजून घ्यायला त्यांच्याइतका चांगला शिक्षक नाही.

१९२४ साली पापियों आणि लफेव्र या दोन फ्रेंच डॉक्टरांनी एका भावाबहिणीचे वर्णन केले. तळहात-तळपायांची कातडी जाड, खरबरीत, भेगाळलेली. आणि दुधाचे दात वेळेवर येऊन चार-पाच वर्षांच्या आतच हलून पडलेले. या आजारात दात गेले की हिरडी शांत होते, निरोगी दिसू लागते. कायमचे दात आले की पुन्हा पेटते आणि पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत तेही बहुतेक जातात. १९९९ साली दोन वेगळ्या संशोधक गटांनी दोष शोधला: अकराव्या गुणसूत्रावरचे कॅथेप्सिन-सी चे जनुक. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींकडे जंतूंशी लढण्यासाठी जी प्रथिने कातरणारी विकरे (एन्झाइम) असतात ती कॅथेप्सिन-सी शिवाय कार्यरतच होत नाहीत.

हा आजार दहा लाखांत एक ते चार जणांना होतो आणि आईवडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच होतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रीतीला धरून मानले जाते, तेव्हा आपल्याकडच्या बालदंतवैद्याने आणि त्वचारोगतज्ज्ञाने हे नाव डोक्यात ठेवायला हवे. भेगाळलेल्या पायांसाठी मूल एका दवाखान्यात जाते, हलणाऱ्या दातांसाठी दुसऱ्या, आणि दोन्हींची सांगड घालायला वर्षे लागतात. तोवर कायमचे दात उगवून पेटलेले असतात. अशा मुलाच्या पाठच्या भावंडाला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक, हे आईवडिलांना पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

दुसरा आजार याहून जास्त शिकवून जातो. काही मुलांच्या रक्तात न्यूट्रोफिल भरपूर असतात, पण त्यांना रक्तवाहिनीतून बाहेर पडून हिरडीत जाता येत नाही, कारण वाहिनीच्या भिंतीला धरण्यासाठी लागणारे प्रथिन बनवणारे आयटीजीबी२ हे जनुक सदोष असते. या मुलांचे हाड फार लवकर आणि फार वेगाने जाते. कारण उघड वाटायचे: रखवालदार पोहोचतच नाही, मग जंतू आत घुसतात आणि हाड खातात. प्रतिजैविके दिली, दात साफ केले, तरी झीज थांबत नसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निकी मुत्सोपुलोस यांच्या गटाने २०१४ साली या मुलांची हिरडी बारकाईने पाहिली तेव्हा चित्र उलटे निघाले. जंतू हिरडीच्या आत घुसलेलेच नव्हते, ते दाताच्या पृष्ठभागावरच होते. आत उफाळलेला होता तो शरीराचाच दाह, इंटरल्युकिन-१७ या संदेशवाहकाचा पूर. न्यूट्रोफिल हिरडीत पोहोचले की ‘आता पुरे’ असा निरोप मागे जातो. इथे पोहोचतच नव्हते, म्हणून हाक थांबतच नव्हती, आणि ती हाकच हाड झिजवत होती. २०१७ साली त्यांनी एका १९ वर्षांच्या रुग्णाला युस्टेकिनुमॅब दिले. सोरायसिससाठी वापरले जाणारे औषध, ती हाक मुळातच दबवणारे. वर्षभरात हिरडीचा दाह ओसरला.

लोए १९८३ ते १९९४ या काळात राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या ज्या दंतसंशोधन संस्थेचे संचालक होते, तिथेच हे काम झाले आहे.

प्रतिकारशक्ती कमी म्हणून आजार, हे आपल्या तोंडी बसलेले वाक्य या एका रुग्णाने अपुरे ठरवले. हाड बहुतेक वेळा आपलेच शरीर मोडते, जंतूंना दिलेल्या चुकीच्या मापाच्या उत्तरात. मळ्यांवरच्या ८ टक्क्यांच्या हिरडीत हेच, सौम्य रूपात, चालले असावे हा माझा कयास आहे. सिद्ध झालेली गोष्ट नाही.

साध्या माणसाच्या जनुकांचा शोध

एकाच जनुकाच्या या गोष्टी वाचून वाटते, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या आजारामागेही एखादे जनुक सापडेल आणि एक चाचणी करून उत्तर मिळेल. १९९७ साली असे घडलेच असे वाटले होते. इंटरल्युकिन-१ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांतले दोन ठरावीक बदल एकत्र असतील, तर धूम्रपान न करणाऱ्यांत जबर आजाराची शक्यता बरीच जास्त, असा निष्कर्ष एका गटाने मांडला आणि लगेच चाचणी बाजारात आली. गोऱ्या युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण तिघांत एकाला हे बदल असतात. २००० साली चिनी वंशाच्या ३०० जणांना तपासले तर फक्त २.३ टक्क्यांत ते सापडले. आजार मात्र त्यांच्यातही होताच. पुढे संपूर्ण जनुकसंच चाळणारे मोठे अभ्यास झाले, त्यांत या दोन जागा उठून दिसल्या नाहीत. अशी चाचणी करून ‘तुम्ही सुरक्षित’ असे सांगण्याइतका आधार आजही नाही, आणि ती विकत घ्यायला मी कुणालाही सांगणार नाही.

मोठ्या चाळणीतून हाती आली ती वेगळी नावे. २०१० साली जर्मन संशोधकांना तरुणांतल्या आक्रमक आजारात जीएलटी६डी१ हे जनुक सापडले. २०१७ साली एसआयजीएलईसी५ आणि डीईएफए१ए३. शेवटची दोन पुन्हा न्यूट्रोफिलच्याच दारात नेतात: एकाचे प्रथिन पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर बसून त्यांना आवर घालते, दुसऱ्याचे त्या पेशींतले जंतुनाशक प्रथिन. यातला प्रत्येक बदल स्वतंत्रपणे धोका थोडाच वाढवतो.

किती थोडा? २०१९ साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिक हिस्सा ३८ टक्के. जनुकसंच चाळणाऱ्या अभ्यासांवरून जेमतेम साडेसात. आजार जितका जबर तितका हिस्सा जास्त, हेही त्यात दिसले. ३८ आणि ७.५ मधली दरी म्हणजे अजून न सापडलेली असंख्य छोटी कारणे, दुर्मीळ बदल, आणि जनुक व सवय यांचे एकमेकांत गुंतलेले व्यवहार.

चाळीस वर्षांनी पुन्हा मळ्यावर

२०१० साली मूळच्या ४८० पैकी ७५ जण पुन्हा शोधून तपासले गेले. साठीला टेकलेली ही माणसे. कुणाचा एकही दात गेलेला नाही, कुणाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गेलेले, सरासरी तेरा. चाळीस वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर जे निघाले त्याने १९८६ च्या चित्रात भर घातली: आजार सुरू होण्याशी धूम्रपान आणि कीटण जोडलेले होते, तो पुढे जाण्याशी कीटण, प्लाक आणि सूज. म्हणजे सगळ्यांची घाण ‘सारखी’ होती हे दुरून पाहिल्यावर. जवळून पाहिल्यावर तिच्यातही उन्नीस-बीस होते आणि त्यालाही किंमत होती. शरीराचा वारसा मोठा, पण एकटा नाही.

त्याच विश्लेषणातून एक आकडा निघाला: तिसाव्या वर्षी सरासरी पकड १.८१ मिलिमीटरपेक्षा कमी गेलेली असेल, तर साठाव्या वर्षी किमान वीस दात टिकलेल्यांत ती व्यक्ती असण्याची शक्यता चांगली. अचूकता सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पण कुठल्याही जनुकचाचणीपेक्षा मला हा आकडा जास्त उपयोगाचा वाटतो, कारण शरीराने तीस वर्षांत दिलेले सगळे उत्तर, जनुके-जंतू-सवयींसकट, त्यात आधीच उतरलेले असते.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणाने हाच विचार रोजच्या कामात आणला. एक्स-रेवर सर्वांत जास्त झीज झालेल्या दाताजवळ मुळाच्या किती टक्के हाड गेले ते पाहायचे आणि त्याला वयाने भागायचे. उत्तर ०.२५ पेक्षा कमी तर आजार संथ, एकच्या वर तर भरधाव, मध्ये असेल तर मध्यम. दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी किंवा एचबीए१सी (मधुमेहात गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर सांगणारी चाचणी) सात टक्के वा त्याहून वर असेल तर श्रेणी सरळ वरची. मळ्यांवरच्या लोकांना ढोबळमानाने ही मोजपट्टी लावून पाहिली, मूळ १३ मिलिमीटरचे धरून. ३५ व्या वर्षी ९ मिलिमीटर म्हणजे सुमारे ६९ टक्के. भागिले ३५, उत्तर जवळपास दोन. मधला गट ४ मिलिमीटर, ३१ टक्के, उत्तर ०.९ च्या आसपास. तिसरा गट एकापेक्षा कमी, उत्तर फार तर ०.२. पकड आणि हाड ही दोन मापे हुबेहूब एक नसतात, तरी १९८६ चे तीन गट आजच्या तीन श्रेणींत बिनचूक बसतात.

भरधाव गटात जन्मलेल्याचे दात जाणारच, असे मात्र नाही. स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावात १९७२ पासून तीस वर्षे शेकडो लोकांना ठरावीक काळाने बोलावून दात घासायला नीट शिकवले, साफ करून दिले. तीस वर्षांत माणशी गमावलेले दात, वयोगटानुसार, ०.४ ते १.८. त्या गावातही शरीराने कमनशिबी लोक असणारच. त्यांचे दात टिकले.

म्हणून तिशी-पस्तिशीतला रुग्ण हलणारे दात घेऊन येतो, एक्स-रेवर भागाकार एकच्या वर जातो, तेव्हा त्याच्यावर उपचार सुरू करणे हे निम्मेच काम. त्याला विचारायचे: सख्खी भावंडे किती, त्यांची वये काय, आईवडिलांना कवळी कधी बसली, मधुमेह कुणाला, घरात मशेरी कोण लावते, तंबाखू कोण खाते. मशेरीने दात स्वच्छ होतात या समजुतीने तंबाखूची जाळलेली पूड हिरडीवर चोळणाऱ्या आया-आज्या आपल्याकडे आजही आहेत, आणि वारसा वाईट असलेल्या घरात ती सवय दुहेरी घाव घालते. मग भावंडांना बोलावून घ्यायचे, दुखत नसले तरी, रक्त येत नसले तरी. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमीच येते, त्यामुळे रक्ताची वाट पाहण्यात अर्थ नसतो. प्रत्येक दाताच्या सहा जागी प्रोब फिरवायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. धाकट्या बहिणीच्या पहिल्या दाढेजवळ पाच मिलिमीटर वाचले गेले तर तिला तीन महिन्यांनी परत बोलवायचे. दोनच्या आत असेल तर वर्षाने. मुलांच्या बाबतीत कायमच्या पहिल्या दाढा आणि पुढचे दात, म्हणजे सहा ते आठ वर्षांच्या वयात येणारे, आधी पाहायचे, कारण लहान वयातली भरधाव झीज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.